सात वर्षं मी पुण्याचं जनमत होतो

या अंकाच्या संपादकांचा फोन आला. "तुमच्या नोकरीचे अनुभव लिहाल का?"

मी सवयीने विचारलं, "पर्याय काय आहेत?"

"होय किंवा नाही."

"आणि तिसरा?"

मग ते म्हणाले, "तिसरा असा, की तुमच्यासाठी सहा पानं आम्ही आधीच राखून ठेवली आहेत."

अहो, या माणसाला मी सात वर्षं आमच्या खात्यात शोधत होतो! प्रश्न विचारण्याआधी उत्तराची जागा राखून ठेवणारा. मी लगेच होकार दिला. गुणी माणसाला नाही म्हणायला जड जातं.

तर माझी नोकरी. बुधवार पेठेत, खाली टॉर्च, रिमोट आणि वायरी विकणाऱ्या दुकानांच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर एक मराठी बातम्यांचं पोर्टल होतं. अजून आहे. नाव सांगत नाही, त्यांनाही सणासुदीला त्रास नको. बातमीच्या खाली तुम्ही एक रंगीत चौकट पाहिली असेल. ‘तुम्हाला काय वाटतं? आपलं मत नोंदवा.’ त्याखाली एक प्रश्न आणि तीन बटणं. तो प्रश्न आणि ती तीन बटणं म्हणजे मी. सकाळी आठच्या आत कौल चढवायचा, कारण आठनंतर लोक कचेरीला निघतात, सिग्नलला थांबतात आणि सिग्नलला थांबलेल्या पुणेकराला मत देण्याची फार हौस असते.

लोकांना वाटायचं, हे लोकांचं मत जाणून घेण्यासाठी असतं. पहिल्या दिवशी मलाही वाटलं होतं. रोहनने माझा गैरसमज दूर केला. रोहन म्हणजे आमचा संपादक, वयाने माझ्या निम्म्याहून थोडा मोठा, मला ‘सर’ म्हणायचा आणि सरांना कामाला लावायचा.

"सर, मत काय आहे ते इम्पॉर्टंट नाही," तो म्हणाला. "माणूस एकदा येतो, बटण दाबतो. त्याला निकाल दिसतो. तो हरत असेल तर चिडतो, मित्रांना पाठवतो, म्हणतो, द्या रे मतं. जिंकत असेल तर दुपारी परत बघायला येतो, अजून जिंकतोय ना. प्रत्येक वेळी शेजारी गादीची जाहिरात दिसते. दॅट्स इट."

"म्हणजे आपण गाद्या विकतो?"

"आपण लोकशाही चालवतो, सर. गाद्या बाजूला असतात."

मी नाटकवाला माणूस. कॉलेजात असताना एकांकिकांत राजाच्या दरबारातला दूत नेहमी मीच असायचो. मला हे फार आवडलं. रोज सकाळी अख्ख्या शहराला एक वाक्य द्यायचं आणि दिवसभर शहराने ते म्हणत बसायचं! असा रंगमंच कुठल्या नटाला मिळालाय?

कौल लिहिण्याची रीत सांगतो, घरी करून बघा. प्रश्न असा हवा, की नाही म्हणणाऱ्याला स्वतःचीच शरम वाटावी. ‘नदीकाठी सुंदर बाग व्हावी, की दुर्गंधीयुक्त पडीक जागा तशीच राहावी?’ हा प्रश्न मी एका बांधकाम व्यावसायिकाची जाहिरात पानावर होती त्या आठवड्यात लिहिला होता. त्या पडीक जागेत पाखरं होती, हे प्रश्नात मावलं नाही. हवं असलेलं उत्तर पहिल्या बटणावर, हिरव्या रंगात. नको असलेलं दुसऱ्यावर, राखाडी. तिसऱ्यावर ‘सांगता येत नाही’. हे तिसरं बटण आम्ही सभ्यपणासाठी ठेवायचो, पाहुण्यापुढे सुपारीची तबकडी ठेवतात तसं. पुण्यात ‘मला सांगता येत नाही’ असं कोण म्हणणार?

म्हणणारा एक होता. घैसास सर. गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांना मी कधी पाहिलं नाही, पण सात वर्षं रोज सव्वाआठला त्यांचा फोन यायचा. ते प्रत्येक कौलात न चुकता तिसरं बटण दाबत आणि मग फोन करून कारण सांगत.

"अहो, आजच्या प्रश्नात उत्तर आहे."

"सर, ग्राहकाची सोय."

"शहरातली वाहतूक कोणामुळे बिघडली? बाहेरून आलेल्यांमुळे, दुचाकीवाल्यांमुळे, सांगता येत नाही. चौथा पर्याय हवा होता."

"कुठला?"

"माझ्यामुळे."

"तो कोण दाबणार, सर?"

"म्हणूनच ठेवायचा." आणि फोन बंद. घैसास सर फोन ठेवताना ‘बरं’ वगैरे म्हणत नसत. त्यांचं वाक्य संपलं की फोन संपायचा.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची यायची. हडपसरचे एक भावी नगरसेवक होते. भावी हा त्यांचा कायमचा हुद्दा. ‘तुमचा लाडका कार्यकर्ता कोण?’ असा कौल आम्ही ठेवला, तेव्हा त्यांनी एका मंगल कार्यालयात पन्नासेक पोरं फोन घेऊन बसवली. वर जेवण. पोरांना एकच सूचना: वरून दुसरं नाव दाबायचं. आता आमच्या तांत्रिक खात्याला त्याच आठवड्यात न्यायबुद्धी सुचली होती. दर वेळी पान उघडलं की नावांचा क्रम बदलायचा. पोरांनी वाचायची तसदी घेतली नाही, वरून दुसरं दाबत राहिली. निम्मी मतं विरोधकाला गेली. संध्याकाळी विरोधक स्वतः पेढे घेऊन जिने चढून आला. मला म्हणाला, "साहेब, या भागात माझं इतकं काम आहे हे मलाच माहीत नव्हतं." त्याने नंतर खरंच काम सुरू केलं म्हणतात. कौलाचे दुष्परिणाम कुठे कसे होतील, सांगता येत नाही.

आता आमच्या धंद्यातली एक आतली गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सकाळी आठला कौल चढला की त्यात शून्य मतं असतात. शून्य मतांच्या कौलात कोणी मत देत नाही. रिकाम्या हॉटेलात कोणी शिरत नाही, तसंच. म्हणून आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट होती, ‘आरंभीची मते’. तिन्ही बटणांपुढे आपल्या मनाने आकडे टाकायचे आणि मग दार उघडायचं. याला आम्ही विरजण म्हणायचो. ‘सर, विरजण लावलं का?’ रोहन रोज विचारायचा. विरजण आंबट लावलं तर दही आंबट होतं. सकाळी मी ‘होय’कडे कललो, की दुपारपर्यंत शहर ‘होय’कडे कललेलं असायचं. लोकांना जिंकणाऱ्या बाजूला उभं राहायला आवडतं. मी फक्त ती बाजू कुठली ते दाखवायचो.

मला याची लाज वाटत होती का? खरं सांगतो, मजा वाटत होती. लाज पुढे आहे.

मी हडपसरला राहतो. सकाळची पहिल्या दोन-तीनांतली मंडईकडे जाणारी बस ही माझी. त्या बसला मालनबाई असायच्या. हडपसरच्या पुढच्या एका गावच्या, पन्नाशीच्या, उंच, डोक्यावर भली मोठी वेताची पाटी, तिच्यात मेथी, कोथिंबीर, शेपू, वर ओलं गोणपाट. मंडईच्या बाहेर, कोपऱ्यावरच्या सावलीत त्यांची जागा होती. जागा म्हणजे कागदावर काही नाही. सकाळी पहिल्यांदा जो पाटी टेकवेल त्याची. मालनबाई बावीस वर्षं तिथे पहिल्यांदा पाटी टेकवत होत्या. बसमधून उतरता उतरता मी त्यांच्याकडून मेथीची एक जुडी घ्यायचो. माझी भवानी चांगली लागते, असं त्यांचं म्हणणं. कचेरीत माझ्या खणात दिवसभर मेथीचा वास असायचा. लोकशाहीला तो वास बरा दिसत नाही, असं रोहन म्हणायचा.

एके दिवशी गर्दीत मी त्यांच्या पाटीशेजारी उभा होतो. गोणपाटातलं पाणी ठिबकून माझ्या पँटचा डावा पाय गुडघ्यापासून खाली भिजला. इस्त्रीची, फिक्या रंगाची पँट. त्या दिवशी कचेरीत गादीवाले येणार होते.

"अगं बाई, दादा! पानी लागलं व्हय?" मालनबाईंनी पदराने पुसायला हात पुढे केला.

"राहू दे, राहू दे," मी म्हणालो. सभ्य माणूस रागावला की ‘राहू दे’ दोनदा म्हणतो.

कचेरीत पोचलो तर आठला दहा मिनिटं कमी. कौल सुचलेला नाही. रोहन दारात. "सर, आजचं काय?" मी खुर्चीत बसलो. पाय गार. आणि मंडळी, प्रतिभा ही अशीच कुठूनही येते. मी लिहिलं:

‘बसमधल्या भाजीच्या पाट्यांचा तुम्हाला त्रास होतो का?’

एक, होय, रोज. दोन, होय, कधीकधी. तीन, आता सवय झाली आहे.

काय कारागिरी आहे बघा! कुठलंही बटण दाबा, त्रास शाबूत. मग विरजण. त्या दिवशी माझा हात जरा सैल होता. ‘होय, रोज’ला मी भरभरून टाकली, दर चारांतली तीन. उरलेली दोघांत वाटली. दार उघडलं आणि पँट वाळवायला पंख्याखाली जाऊन उभा राहिलो.

सव्वाआठला घैसास सरांचा फोन. "दोन गोष्टी. एक, ‘नाही’ कुठंय?"

"सर, त्रास न होणारा माणूस पुण्यात मिळाला की ठेवतो."

मी माझ्याच विनोदावर इतका खूश होऊन हसलो, की दुसरी गोष्ट अर्धवटच ऐकली.

"दोन, मी मत दिलं, आकडा हलला नाही. सुनेच्या फोनवरून दिलं, तरी हलला नाही."

"सर, तुमचं तिसरं बटण आज नाहीये ना, म्हणून रुसलं असेल."

फोन बंद.

आठवडाभराने बसमध्ये चढलो, तर दाराशी एक छापील पत्रक चिकटवलेलं. ‘नागरिकांच्या ऑनलाइन कौलाचा आदर राखून, भाजीच्या पाट्या, डालगी व मोठी गाठोडी बसमध्ये आणण्यास मनाई करण्यात येत आहे.’

मी काय केलं असेल? तुम्हाला वाटेल, शरमलो. छे! मी फोटो काढला. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आपल्या लेखणीची ताकद.’ साताऱ्याच्या मावशीने हात जोडल्याची सहा चित्रं पाठवली. त्या दिवशी बस मोकळी होती, बसायला जागा मिळाली आणि पँट कोरडी. मालनबाई दिसल्या नाहीत, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते सुलभाच्या. सुलभा म्हणजे आमची सौभाग्यवती, शाळेत मुख्याध्यापिका. प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देणाऱ्याला ती वर्गाबाहेर उभं करते.

"चार दिवस मेथी नाही," ती म्हणाली.

"मालनबाई बसला नसतात हल्ली."

"का?"

"पाट्यांना बंदी झाली ना. ग्रुपवर टाकलं होतं की मी."

"म्हणजे तू बाईंची पाटी उतरवलीस आणि मला फोटो पाठवलास?"

"मी कुठे? लोकांचा कौल आहे."

"बरं," सुलभा म्हणाली. "आज जेवायला काय करू? पोळी, पोळी, की पोळीची सवय झाली आहे?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी मंडईत गेलो. कोपऱ्यावरच्या सावलीत एक तरुण मोबाइलची कव्हरं लावून बसला होता. मालनबाई पलीकडे, उन्हात, पाटी खाली ठेवून उभ्या. बसायला जागाच नव्हती, म्हणून उभ्या. मेथी माना टाकून पडलेली.

"दादा!" त्या मला बघून हसल्या. तेच मला फार लागलं. "आज सुट्टी न्हाई का?"

"तुम्ही इथे का?"

"गावातनं टेम्पो येतो, समद्यांची पोती भरून. लई उशिरा सुटतो. मी येस्तवर ह्यो बसलेला असतो. त्याचं काय चुकलं? रिकामी दिसली, बसला."

मी मेथीची एक जुडी उचलून उलटसुलट बघितली.

"दादा, येक इचारू? तुमी शिकलेली मानसं. कंडाक्टर म्हनला, फोनवर इचारलं व्हतं, आन् लई लोकांनी सांगितलं, ह्या बाया नकोत. खरं हाय का?"

"हो, म्हणजे... तसा कौल आला होता."

त्यांनी गोणपाट उगाचच सारखं केलं. "बावीस वर्सं जातीय मी त्या बसनं. कुनी सरकून जागा द्यायचं, कुनी पाटीला हात लावायचं. इतकी लोकं माझ्यावर कावलेली हायती, हे मला ठावंच न्हवतं. मला वाटलं, एकट्या तुमच्याच पँटीला पानी लागलं."

मी तीन जुड्या घेतल्या आणि घरी न जाता थेट कचेरीत गेलो. बुधवार पेठ तिथून चालत पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत मला घैसास सरांची दुसरी गोष्ट आठवली.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन रकाने होते. एक ‘दिसणारी मते’, हा सगळे बघायचे. दुसरा ‘आलेली मते’. हा सात वर्षांत मी उघडला नव्हता. स्वयंपाकी स्वतःच्या हॉटेलात जेवत नाही. त्या दिवशी उघडला. पाट्यांचा कौल काढला. दिसणारी मतं भरगच्च. आलेली मतं, शून्य.

मी चष्मा पुसला. शून्यच. मग कळलं, की त्या कौलाच्या आदल्या संध्याकाळी साइटला नवं रूप दिलं होतं आणि दिवसभर कौलाची बटणं नुसती रंगवलेली होती, मागे कशालाच जोडलेली नव्हती. लोकांनी दाबली असतील, नसतील. एकही मत आत आलं नव्हतं. मी विरजण लावलं आणि भांड्यात दूध पडलंच नाही. संध्याकाळी आम्ही त्या विरजणाचं दही म्हणून जाहीर केलं: ‘पाट्यांना पुणेकर वैतागले’. मथळाही माझाच.

म्हणजे पुणेकर नव्हतेच. माझ्या पँटचा डावा पाय होता.

दुसऱ्या दिवशी रोहनला दाखवलं. तो पांढरा पडला, पण लगेच सावरला. या पिढीचं मला फार कौतुक वाटतं.

"सर, खुलासा नको. खुलासा केला तर मागचे सगळे कौल लोक उकरतील. आपण नवीन कौल घेऊ. ‘कष्टकरी भगिनींना बसमध्ये सन्मानाने प्रवास करता यावा का?’ विरजण तुम्हीच लावा."

मंडळी, मला मोह झाला. प्रश्न सुंदर होता. ‘भगिनी’ आणि ‘सन्मान’ एकाच वाक्यात, नाही कोण म्हणेल? एक खोटं दुसऱ्या खोट्याने फिटलं असतं आणि गादीवालेही खूश. पण मालनबाईंना काय सांगणार होतो? की आता त्याच लोकांना तुम्ही आवडायला लागलात म्हणून?

मी त्यांना घेऊन बसवाल्यांच्या कचेरीत गेलो. ज्या साहेबांच्या सहीने पत्रक निघालं होतं ते भले गृहस्थ होते. टेबलावर फाइल उघडून त्यांनी आमच्या कौलाची छापील प्रत दाखवली आणि मोठ्याने वाचली, मालनबाईंकडे बघत, प्रश्न आणि तिन्ही पर्याय. मालनबाई कान देऊन ऐकत होत्या.

"बघा बाई, आम्ही मनाने काही केलेलं नाही. एवढे लोक म्हणतायत."

"साहेब," मी म्हणालो, "ते सगळे मीच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे यातले सगळे पुणेकर मी आहे. पहिल्या बटणावर मी, दुसऱ्यावर मी, सवय झालेलाही मीच."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. कॉलेजात दूताचं काम करताना मला एवढी स्तब्धता कधी मिळाली नव्हती. मी विरजण समजावून सांगितलं, रंगवलेली बटणं सांगितली, शून्य दाखवला.

"तुमची पँट भिजली म्हणून?" त्यांनी विचारलं.

"डावा पाय."

त्यांनी फाइल मिटून बाजूला ठेवली. "लेखी द्या," म्हणाले. "तुमच्या संस्थेचं नाव, तुमचा हुद्दा, सही. त्याशिवाय मला काही हलवता येणार नाही."

लेखी दिलं, तर नोकरी गेली, हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्रेपन्नाव्या वर्षी, कौल लिहिण्याखेरीज काही न येणारा माणूस. पेन हातात होतं, चालेना.

मालनबाई म्हणाल्या, "दादा, नका लिहू. नोकरीचं काम हाय. मला कळलं तेवढं बास." मग जरा पुढे वाकून, हळू आवाजात, "खरंच एकटंच व्हता ना तुमी?"

"एकटाच."

"दुसरं कुनी बी न्हाई?"

"कुणीही नाही, मालनबाई."

"मंग झालं तर." आणि त्यांनी असा श्वास सोडला, जसा पाटी डोक्यावरून उतरवताना सोडतात.

मी कागद पुढे ओढला. ‘मी खाली सही करणारा लिहून देतो, की सदर कौलातील सर्व मते माझ्या एकट्याची असून, त्या दिवशी माझ्या पँटच्या डाव्या...’

"पँटचं लिहू नका," साहेब म्हणाले.

"मग कारण काय लिहू?"

"कारण लिहायचं नसतं. फाइल आहे ही."

आदेश मागे घेतला गेला, असं समजू नका. आदेश मागे घेणं म्हणजे तो का काढला हे सांगणं. त्याऐवजी पंधरा दिवसांनी जुन्या पत्रकावर नवं पत्रक चिकटवलं गेलं: ‘प्रवाशांच्या सोयीसाठी भाजीच्या पाट्या मागील दाराजवळ ठेवाव्यात.’ सरकारी मराठीत याला क्षमायाचना म्हणतात.

नोकरीचं म्हणाल, तर रोहनने मला काढलं नाही. तो फार सुसंस्कृत मुलगा आहे. तो म्हणाला, "सर, तुम्ही स्वतः ठरवा. मी दोन ऑप्शन देतो." दोन्ही पर्याय वाचले, दोन्हींत मी जात होतो. शिष्याने गुरूला गाठलं, डोळे भरून आले. आता तिथे कौल एक यंत्र काढतं. त्याला प्रश्न दिला की पर्याय आपोआप. त्याला पँट नसल्यामुळे ते निःपक्ष आहे, असं रोहनचं म्हणणं. मी बघतो अधूनमधून. पहिलं बटण अजून हिरवंच असतं.

शेवटच्या दिवशी मी एक चैन केली. विरजण न लावता कौल चढवला. ‘आमच्या कौलांवर तुमचा विश्वास आहे का?’ होय, नाही, सांगता येत नाही. तिन्ही बटणं एकाच रंगाची. आणि बसून राहिलो. आठ वाजले, शून्य. आठ-दहा, शून्य. सव्वाआठला फोन वाजला.

"हलला," घैसास सर म्हणाले. फोन बंद.

पडद्यावर एक मत होतं. कुठल्या बटणावर, ते सांगायची गरज नाही.

हल्ली मी बुधवार पेठेतच एका पुस्तकांच्या दुकानात बसतो. इथे प्रश्न गिऱ्हाईक विचारतं आणि मला खरं उत्तर द्यावं लागतं, ‘आहे’ किंवा ‘नाही’. सुरुवातीला फार जड गेलं. बस तीच. मालनबाईही त्याच बसला. मंडईतली सावली मात्र त्यांना परत मिळाली नाही. कव्हरवाला भला आहे, थोडा सरकला. पण त्या आता दोन हात अलीकडे बसतात, तिथे दहापासून ऊन येतं. बावीस वर्षांची जागा माझ्या एका सकाळीत गेली. ती कुठल्या पत्रकाने येणार?

परवा बसला गर्दी होती. मागच्या दाराजवळ मी त्यांच्या पाटीला हात दिला आणि शेजारीच उभा राहिलो. स्वारगेटच्या पुढे पाय गार लागला. डावाच. मी बाहेर बघत राहिलो, पण त्यांच्या नजरेतून काय सुटतंय?

"दादा," त्या अगदी त्या साहेबांच्या आवाजात म्हणाल्या, "बसमदल्या भाजीच्या पाट्यांचा तुमाला तरास होतो का? येक, व्हय, रोज. दोन, व्हय, कदीमदी. तीन, आता सवं झाली हाय."

आजूबाजूची माणसं माझ्याकडे बघायला लागली. मला ‘नाही’ म्हणायचं होतं. अगदी मनापासून म्हणायचं होतं. पण ‘नाही’चं बटण नव्हतं. ते मीच ठेवलेलं नव्हतं.

"तीन," मी म्हणालो.

"मंग करा भवानी," मालनबाई म्हणाल्या आणि मेथीची ओली जुडी माझ्या हातात दिली.